टेकायला एक खुर्ची

“शेठ, दुकानभर खुर्च्याच खुर्च्या, आणि मला टेकायला एक नाही?”

“त्या विकायच्या आहेत, लंबू! विकणाराच बसलेला दिसला की गिऱ्हाईक पायरीवरूनच परत फिरतं.”

लंबूच्या गुडघ्यांनी कधीच संप पुकारला होता. शटर वर गेल्यापासून खाली येईपर्यंत तो उभाच, आणि तोंडानं मात्र दिवसभर, “बसून तर बघा, उठावंसंच वाटणार नाही!” त्या दुपारी शेठ जेवायला गेले, तसा तो सगळ्यात महागड्या आरामखुर्चीत नुसता टेकला आणि बघता बघता घोरायला लागला.

शेठ परतले, त्याला घोरताना बघून तोंडात शिव्याच आल्या. पण खुर्चीशेजारी एक बाई नवऱ्याचा हात धरून उभ्या होत्या. ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या, “श्श! उठवू नका बिचाऱ्याला. आम्हाला अश्शीच खुर्ची द्या.”

शेठचं डोकं भलतंच चाललं. दुसऱ्या दिवसापासून लंबू दर्शनी काचेमागे, त्याच खुर्चीत. काम एकच, झोपायचं. पण हुकमावर कुठं झोप येते होय? रस्त्यावरची पोरं काचेला नाक लावून बघतायत, आणि लंबू आत टक्क जागा.

शेठ तरातरा आले. “कामाच्या वेळेत डोळे उघडे? पगार कशाचा घेतोस रे?”


लंबू उठला. “शेठ, माझ्या चहाच्या सुट्टीची वेळ झाली. निघतो आता, जरा उभा राहून येतो.”