ओळखीच्या टाळ्या

"तिचं नाव कुणीही काढायचं नाही," दामल्यांनी पार्किंग लॉटमध्ये तिसऱ्यांदा सांगितलं.

"अहो, किती घाबरता!" नीलाताई म्हणाल्या. "गाणं ऐकायला आलोय, दरोडा घालायला नाही."

दामल्यांसोबत नऊ जण होते, सगळे पार्सिपनीच्या वाचनकट्ट्याचे. स्वानंदीने त्यांच्यातल्या एकालाही कधी पाहिलं नव्हतं. म्हणून तर दामल्यांनी त्यांना जर्सी सिटीतल्या या पबपर्यंत तिचं गाणं ऐकायला आणलं होतं. गणपतीच्या कार्यक्रमात ती गायली तेव्हा मंडळाचे लोक भरभरून टाळ्या वाजवत होते. परतताना गाडीत ती म्हणाली होती, "बाबा, ते तुमच्यासाठी क्लॅप करत होते. ओळखीच्या टाळ्या काउंट होत नाहीत."

आता तिने ठरवून टाकलं होतं. या पबने पुन्हा बोलावलं तर बँड चालू ठेवायचा, नाहीतर दूर टेक्सासमधली, अर्विंगची नोकरी घ्यायची.

बँडचं नाव 'थर्ड बेडरूम'. दामल्यांच्या घरातल्या तिसऱ्या बेडरूममध्ये त्यांची प्रॅक्टिस चाले. पत्नी गेल्यापासून त्या घरात आवाज असा तेवढाच उरला होता. भिंतीपलीकडचे ड्रम थांबले, की दामल्यांना हातातल्या पुस्तकाचं पान उलटायचंही सुचत नसे.

दारावर केस हिरवे रंगवलेली एक मुलगी प्रत्येकाला हसून विचारत होती, "आज कुणासाठी आलात?"

नीलाताईंनी दामल्यांकडे पाहिलं. मग फळ्यावरची आजच्या तीन बँडची नावं वाचून उत्तर दिलं. मागच्यांनीही त्यांचीच री ओढली. मुलीने वहीत रेघा मारल्या, मनगटांवर शिक्के उमटवले. दामले सगळ्यात शेवटी होते. तेही खालच्या आवाजात तेच नाव पुटपुटले आणि आत जाऊन खांबाआड बसले.

साडेसहाला स्वानंदी स्टेजवर आली. समोरची माणसं पाहून क्षणभर थबकली. तिसऱ्या गाण्यात इंग्रजी ओळींमध्ये अचानक मराठी आलं: "दिवा राहू दे, आई, मी येतेय." दामल्यांनी मान खाली घातली. हे गाणं भिंतीपलीकडून कधी ऐकू आलं नव्हतं.

नीलाताई डोळे पुसत त्यांच्या कानाशी लागल्या. "दामले, या टाळ्या तुमच्यासाठी नाहीत हं. खऱ्याच आहेत."

कट्ट्याची मंडळी ठरल्याप्रमाणे निघून गेली. दामलेही निघणार, तेवढ्यात गिटारची केस घेऊन स्वानंदी समोर आली.

"बाबा? तुम्ही आलात?"

"एकटाच आलो. असंच."

"पाहिलंत? ते पुढचे लोक? आय डोन्ट इव्हन नो देम, बाबा! आणि शेवटपर्यंत थांबले!" तिच्या आईसारखे तिचे गाल लाल झाले होते. "आता आम्हाला नक्की बोलावतील."

"बोलावतीलच. इतक्या टाळ्या पडल्या."

"टाळ्यांवर नाही हो. दारावर विचारतात ना, कुणासाठी आलात? आठ जणांनी आमचं नाव सांगितलं की झालं."

"स्वानंदी, थांब जरा—"

पण ती दाराशी पोचलीसुद्धा होती. हिरव्या केसांच्या मुलीने वही तिच्याकडे वळवली. फळ्यावरच्या पहिल्या बँडच्या नावापुढे रेघांची गर्दी होती. 'थर्ड बेडरूम'पुढची जागा कोरी होती.