एका दिवसाचा सूर्य

"सूर्य एखादवेळी ढगाआड दडेल, आपले दाभाडेमामा कधी नाहीत!" निरोपसमारंभात साहेब म्हणाले. टाळ्या वाजल्या, तशी मामांची मान खाली गेली.

रोज सकाळी वेधशाळेची दुर्बीण सूर्याचं बिंब वहीच्या पानावर पाडायची आणि मामा त्यावरचे डाग पेन्सिलीनं गिरवायचे. ढग असले, की 'ढग' लिहायचे. वेधशाळेच्या शंभर वर्षांच्या वह्यांतला एक सूर्य खोटा होता, हे मामांनाच ठाऊक. लेक जन्मली त्या दिवशी मामा दवाखान्यात होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी कालचा सूर्य अंदाजानं काढला.

"बाबा, डोळे का भरले?" तीच लेक विचारत होती.

"ये, तुझ्या जन्मदिवसाचा सूर्य दाखवतो." मामांनी जुनी वही उघडली आणि तिच्यादेखत त्या चित्राखाली लिहिलं: "आभाळ निरभ्र होतं. मी नव्हतो."