म्हशीच्या आडोशानं

म्हैस रस्त्यावर उतरली आणि दोन्ही बाजूंची वाहनं जागच्या जागी थांबली. बाबासो वाचनालयाच्या दारातून बघत होते. आज तरी ती वाहनं थांबायला नको होती.

रस्ता रुंद झाल्यापासून पलीकडच्या वाचनालयात माणूस फिरकेना. तीस वर्षं तिथं पुस्तकं देण्याघेण्यात घालवलेले बाबासो रिकाम्या बाकांकडं बघत बसत. वर्गणीदार होते, पण सगळे रस्त्याच्या अल्याड. म्हाताऱ्या बयाबाई तर दोनदा अर्ध्यातून माघारी फिरल्या होत्या. दिवाळीपर्यंत माणसं आली नाहीत तर कुलूप लावायचं, असं संचालकांनी सांगून टाकलं होतं. मग आयुष्यात कुणापुढं आवाज न चढवलेल्या बाबासोंनी बांधकाम खात्याला अर्ज लिहिला. पट्टे मारा, गतिरोधक घाला, चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला वाट द्या. सात वेळा खाडाखोड केली, तरी आपल्याला नीट मांडता आलं नाही असं त्यांना वाटतच राहिलं.

अर्जाला उत्तर येईपर्यंतची तोड म्हणजे सयाजीची म्हैस. रंगवलेली शिंगं, गळ्यात गोंडे. रोज संध्याकाळी पाचला ती रस्ता ओलांडून वाचनालयावरून दूधकट्ट्याकडं जायची. तिच्यासाठी ट्रकसुद्धा थांबायचा. "जरा सावकाश न्या तिला," एवढंच बाबासो एकदा पुटपुटले होते. तेव्हापासून बयाबाई, सायकल हातात धरून अभ्यासिकेत येणारी मनाली आणि आणखी दहाबारा जण म्हशीच्या आडोशानं पलीकडं येऊ लागले. दूध घालून म्हैस परतायची, तेव्हाही तसंच.

पाहणीसाठी अभियंता संयोगिता मॅडम सकाळी अकराला येणार होत्या. त्या आल्या पाचला.

स्कूटर अल्याड लावून सगळ्यांबरोबर त्याही आरामात रस्ता ओलांडून वाचनालयाच्या दारात पोचल्या.

"काका, अर्जात तर लिहिलंय, इथं कुणी थांबत नाही," त्या हसल्या. "थांबली की सगळी! आमच्याकडं असले दीडशे अर्ज पडलेत. खरी अडचण असेल तिथलं आधी घ्यावं लागतं."

त्यांनी फाइल मिटली.

बाबासोंनी मिटलेल्या फाइलीकडं बघितलं. म्हशीमुळं थांबली, असं म्हणावं तर मॅडमना ते थट्टेचं वाटायचं. आपलाच अर्ज आपणच बुडवला. म्हशीला सावकाश न्यायला सांगणारे आपणच.

दारापाशी थांबलेल्या सयाजीनं दावं सैल केलं. "मॅडम, चला. तुमाला पल्याड सोडतो आन मग कट्ट्यावर जातो."

"सयाजी," बाबासो म्हणाले. आवाज चिरका आला. "म्हैस न्या."

"आवो, पण मॅडमना..."

"आज नको. न्या म्हणतोय न्हवं!"

बाबासोंचा आवाज चढलेला सयाजीनं पहिल्यांदाच ऐकला. तो मुकाट म्हैस घेऊन चालू लागला. गोंडे हलत हलत कोपऱ्यावरून दिसेनासे झाले.

"कशाला ओरडता त्यांना?" मॅडम म्हणाल्या. "जाते की माझी मी."

त्यांनी पाऊल रस्त्यावर टाकलं. हॉर्न कडाडला. पाऊल मागं आलं. त्यांनी हात वर केला. एक बस त्या हातावरून वारा घालून गेली. तिसऱ्यांदा त्या चार पावलं पुढं गेल्या, तेवढ्यात उलट्या बाजूनं मोटारसायकल आली. मागोमाग आलेल्या बाबासोंनी नकळत त्यांना पिशवीचा बंद धरून मागं खेचलं आणि लगेच ओशाळून सोडला.

"माफ करा, मॅडम."

समोर, वीस पावलांवर, मॅडमची स्कूटर उभी होती. त्यांनी एकदा तिच्याकडं, एकदा रस्त्याकडं बघितलं. मग वळल्या, वाचनालयाची पायरी चढल्या आणि त्यांनी फाइल पुन्हा उघडली.

"काका, पेन आहे?"

बाबासोंनी खिशातलं पेन काढून दिलं. बाकावर पेपर वाचत बसलेल्या बयाबाईंनी चष्मा वर केला आणि बाजूला सरकून जागा करून दिली.

"बस पोरी, निवांत लिही. म्हैस सातला येती."