थंड अंगठा

नूलाने मेलेल्या नवऱ्याचा अंगठा जपमाळेतून सोडवला आणि फोनच्या बटणावर टेकवला. फोन नुसता थरथरला. ‘बोट ओळखता आलं नाही.’

बाहेर माणसांचा राबता होता. फिन्टन बैठकीच्या खोलीत उघड्या शवपेटीत निजला होता. सगळं गाव येऊन त्याच्या हाताला हात लावून जात होतं आणि स्वयंपाकघरात चहा नि हॅम सँडविचवर ताव मारत होतं. प्रेताला एकटं सोडायचं नाही, म्हणून नणंद बर्नी सकाळपासून उशाशी ठाण मांडून बसली होती. “जा गं, दोन घास खाऊन घे, मी बसते,” म्हणून नूलाने तिला बळेबळे उठवलं होतं. चार वाजता फादर येणार, झाकण लागणार. मग हा अंगठा कायमचा मातीआड.

तिला एका बाईचं नाव हवं होतं. दोन वर्षं दर गुरुवारी फिन्टन दाढी करून, गाडी काढून स्लायगोला जायचा. “गुरांच्या औषधाला,” म्हणायचा. औषधाची बाटली काही कधी घरी आली नाही. संध्याकाळी फोन टेबलावर पालथा. ती जवळ आली की खिशात. नूलाने एकदाही विचारलं नाही, त्या फोनला हातही लावला नाही. मानी बाई! आतल्या आत मात्र जळत राहिली. आणि परवा तो धडधाकट माणूस गोठ्यात दूध काढता काढता कोसळला.

काल पेटीवाल्या डेव्हिनला तिने हळूच विचारून पाहिलं होतं. तो अनुभवी माणूस. “बाई, दर दुसऱ्या घरात मला हेच विचारतात,” तो म्हणाला होता. “यंत्राला नुसत्या रेषा पुरत नाहीत. रेषांखाली जीव लागतो. मेलेलं बोट त्याच्या लेखी लाकूड.”

नूलाने अंगठा ॲप्रनला खसाखसा पुसला. पुन्हा टेकवला. नाही. पाच वेळा चुकलं की फोन आकडे मागणार, आणि ते आकडे फिन्टन बरोबर घेऊन गेला होता. तिने आपला चहाचा कप उचलला, कढत होता, आणि त्याची बोटं कपाभोवती धरून बसली. गारठलेल्या माणसाला दुसरं काय करतात?

तेवढ्यात शेजारचा म्हातारा पॅकी आत आला.

“काय गं, चहा पाजतेस की काय त्याला? पाज, पाज! बघ तरी, कसा भांग पाडून पडलाय. लग्नातसुद्धा एवढा नीटनेटका नव्हता बेटा.”

नूलाने लगबगीने कप बाजूला केला. पॅकीने रीतीप्रमाणे फिन्टनच्या हाताला हात लावला आणि विंचू चावल्यासारखा मागे सरला.

“अरे देवा! याचा हात गरम आहे!”

छातीवर क्रूसाची खूण करत तो स्वयंपाकघराकडे पळाला. तिथली बडबड एकदम थांबली. खुर्च्या सरकल्या. आता सगळे इकडे येणार. नूलाने डाव्या हातात फोन घेतला, उजव्याने फिन्टनचा अंगठा धरला आणि डोळे मिटून दाबला.

टक्. फोन उघडला.

तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पापण्या मिटलेल्या, ओठ मिटलेले. “फिन्टन?” ती कुजबुजली. मग तिने खाली पाहिलं. त्याचा अंगठा कधीच निसटून चादरीवर पडला होता. बटणावर तिचा स्वतःचा अंगठा होता.

हे तर आणखी भयंकर! यंत्र असं उगाच कुणाला ओळखत नाही. दुकानात फिन्टनचं बोट नोंदवताना टेकव, उचल, टेकव, उचल, असं दहा-बारा वेळा करावं लागलं होतं. तिचा अंगठाही कुणीतरी तसाच टेकवला, उचलला होता. जागेपणी तिला कळल्याशिवाय राहिलं नसतं. म्हणजे झोपेत. ती घोरत असताना तो शेजारी उठून बसला असेल, तिचा हात उशाखालून अलगद काढला असेल.

फोनच्या पडद्यावर सकाळचा एक निरोप होता. स्लायगोच्या इस्पितळाचा हृदयविभाग. ‘आज गुरुवार. नेहमीच्या तपासणीला आपण आला नाहीत.’

ती तो निरोप वाचतच राहिली. दोन वर्षं जिचा तिने मनोमन गळा दाबला होता, ती बाई नव्हतीच. नूलाला लाज वाटली, राग आला, आणि रडू मात्र येईना.

बर्नी धावत आत आली. मागे दारात सगळी गर्दी. “नूला, पॅकी काय म्हणतोय? गरम आहे म्हणे!”

“गार पडतोय,” नूला म्हणाली. “येऊ नका कुणी. एक मिनिट.”

दार लागलं. लेकीने एकदा स्वतःच्या फोनवर दाखवली होती, तशी नोंदवलेल्या बोटांची यादी नूलाने शोधून काढली. यादीत दोनच बोटं होती. पहिल्यापुढे फिन्टनने लिहिलं होतं, ‘मी.’

दुसऱ्यापुढे लिहिलं होतं, ‘नूला. मी गेल्यावर.’