भर फायनलमध्ये

पाचवा सेट ऐन रंगात आला असताना तोफेनं हात वर केला.

तोफ म्हणजे संघातली सगळ्यात उंच मुलगी. तिची सर्व्हिस जाळ्यावरून आली की समोरच्या मुली डोळेच मिटून घ्यायच्या, म्हणून मैत्रिणींनी ठेवलेलं नाव. व्हॉलीबॉलचा अंतिम सामना, हॉल खचाखच भरलेला. त्या वर गेलेल्या हाताचा अर्थ फक्त बाकावरच्या प्रशिक्षक बाईंना कळला.

मागच्या मोसमात तोफ कपडे बदलायच्या खोलीत कोसळली होती. छाती आवळलेली, श्वास मिळेना. "मी मरतेय," एवढंच म्हणत राहिली. तपासलं तर हृदय ठणठणीत. दुखणं मनाचं होतं. बाईंनीच तिला मानसोपचार डॉक्टरांकडे नेलं. दर भेटीला त्या बाहेरच्या बाकड्यावर जुनी मासिकं चाळत बसून राहिल्या. औषधं लागू पडली. तोफ कोर्टवर परतली, तेव्हा बाईंनी तिला शब्द दिला, "वाटलं की हात वर कर. कारण विचारणार नाही, बाहेर घेईन."

बाईंनी बदली खेळाडूला उठवलं.

"आत्ता?" क्लबचे सेक्रेटरी मागून धावत आले. "अहो, तोंडाशी आलेला घास घालवताय! पाच-सहा गुणांचा तर प्रश्न आहे. तेवढं रेटू दे तिला, मग खुशाल बसू दे."

"ती बाहेर येतेय," बाई म्हणाल्या.

तोफ आली आणि टॉवेलमध्ये तोंड खुपसून बसली. बाईंनी एक हात तिच्या पाठीवर ठेवला, नजर खेळावर. आघाडी बघता बघता विरघळली. समोरच्यांना जिंकायला एकच गुण उरला. सेक्रेटरींनी कपाळावर हात मारून घेतला. बाई जागच्या हलल्या नाहीत.

मग आपल्या मुलींनी जिवाच्या आकांतानं एक चेंडू वाचवला, गुण खेचला. सर्व्हिस परत आली, आणि पाळी नेमकी तोफेच्या जागेची.

टॉवेल बाजूला झाला. "ताई, जाऊ?"

"जायचंय, की जावं लागतंय?"

"जायचंय."

तिची पहिली सर्व्हिस समोरचीच्या हाताला लागून थेट प्रेक्षकांत गेली. बरोबरी. दुसरी रेषेला चाटून पडली. तिसरी कुणाच्या हाताला लागलीच नाही. हॉल दणाणला. तोफेच्या गळ्यात सगळ्यात आधी पडली ती बदली खेळाडूच. सेक्रेटरी तर दिसेल त्याला सांगत सुटले, "मी म्हणतच होतो!"

गर्दीतून वाट काढत, घामानं निथळत तोफ बाईंपाशी आली.

"ताई, तुम्ही काही विचारणार नाही, म्हणून मीच सांगते," ती हसत म्हणाली. "भर फायनलमध्ये तुम्ही मला बाहेर घेणारच नाही, या एकाच विचारानं माझा श्वास कोंडला होता."