अडलेला अंतरा

मुलीने मोबाइल आईच्या उशीजवळ ठेवला आणि बाबांकडे न बघताच म्हणाली, "आई, ऐक. बाबांचं गाणं पुरं झालं."

खिडकीशी उभे असलेले तिचे बाबा, गाण्याचे मास्तर, दचकून वळले. गाणं कुठलं पुरं व्हायला? बायकोने लिहिलेल्या ओळी होत्या. मुखड्याची चाल कधीच बांधून झाली होती, पण अंतरा काही केल्या हाती लागत नव्हता. तिला इस्पितळात आणल्यापासून ते त्याच्यामागे हात धुऊन लागले होते. आणि ती रोज विचारायची, "जमलं का हो?" डॉक्टरांनी आज सकाळी दोघा बापलेकींना बाहेर बोलावून सांगितलं होतं, जे बोलायचं असेल ते आता बोलून घ्या.

मोबाइलमधून मास्तरांचाच आवाज आला. आत्ताचा पिचलेला नव्हे, ऐन उमेदीतला, भरदार. मुखडा झाला, अंतरा सुरू झाला. अंतऱ्यात एरवी चढतो तसा सूर वर चढलाच नाही. खाली उतरला, तिथे जरा घुटमळला आणि अलगद मुखड्याशी येऊन मिळाला.

मास्तर मटकन खुर्चीत बसले. अंतरा वाईट असता तर त्यांनी मोबाइल भिरकावून दिला असता. पण तो बरोबर होता. ते शोधत होते तो हाच.

"कुणी केलं हे?" त्यांनी दबक्या आवाजात मुलीला विचारलं.

"तू गुणगुणत होतास ते रेकॉर्ड केलं. आईचे शब्द आणि तुझी जुनी गाणी घातली एका एआय ॲपमध्ये. चहा होईपर्यंत तयार." आईकडे पाहत तिने आवाज आणखी उतरवला. "बाबा, तिच्याकडे वेळ नाहीये रे."

"अहो," पलंगावरून हाक आली. बायको चक्क हसत होती. "शेवटी जमलं ना? मी म्हणत नव्हते?"

खरं काय ते मास्तरांच्या ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं.

"हो. जमलं."

"मग म्हणा ना. त्या डबड्यातून नको. असं माझ्याजवळ बसून."

त्यांनी तिचा हात हातात घेतला. मुखडा म्हटला. अंतऱ्याच्या तोंडाशी आले आणि पुढे सगळं कोरं. एकदाच कानावर पडलेली चाल पार निसटून गेली होती. ते पुन्हा मुखड्यावर आले. मग पुन्हा. तिने डोळे उघडे ठेवायची शिकस्त केली.

"अंतरा..." ती पुटपुटली आणि तिचा डोळा लागला.

"लाव परत," मास्तर घाईघाईने मुलीला म्हणाले. "बारीक आवाजात लाव. ती उठायच्या आत मला यायला पाहिजे."

मुलीने मोबाइल त्यांच्या कानाशी धरला. नवख्या शिष्यासारखे ते आपल्याच आवाजामागून एकेक ओळ घोटू लागले. डोळे मात्र बायकोच्या पांघरुणावर होते. ते वरखाली होतंय ना, एवढंच बघत.