सीटची उंची

लेकीचं बाळंतपण आटोपून शालन तीन महिन्यांनी वेंगुर्ल्याला परतली, ती आधी पडवीतल्या सायकलपाशी गेली. घरात सायकल एकच. शालन उंच, नवरा यशवंत बुटका. आपलं काम झालं की सीट आपल्याच उंचीवर सोडून द्यायची आणि दुसऱ्याने ती हलवताना कुरकुरायचं, हा दोघांचा लग्नापासूनचा रिवाज.

सायकल लोखंडी, पण सीटचा नवा दांडा ॲल्युमिनियमचा. तो बसवतानाच मेकॅनिकने बजावलं होतं, "दोन वेगळे धातू, त्यात इथला खारा वारा. ग्रीस लावा, दांडा हलवत राहा. नाहीतर आतच असा धरेल की कापून काढावा लागेल." आता इतके दिवस सायकल एकट्या यशवंतच्या हातात, म्हणजे दांडा खालीच धरून बसला असणार.

पण सीट वर होती. तिच्या उंचीवर.

"अहो, ही कोण चालवत होतं?"

"मीच. दुसरं कोण?" यशवंत म्हणाला. "रोज रात्री वर करून ठेवायचो, सकाळी खाली घ्यायचो. जाम झाली असती तर तू माझंच डोकं खाल्लं असतंस."

"आणि ग्रीस?"

"लावलं की. तुझा निळा टॉवेल गेला त्यात."

एरवी त्या टॉवेलवरून तिने घर डोक्यावर घेतलं असतं. आज तिने गुपचूप नट सैल केला. यशवंतची बाजाराला जायची वेळ झाली होती. दांडा अलगद सरकला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिने सीट त्याच्या उंचीवर आणून ठेवली.